मोजपट्टी हलली की मुलं ‘ढ’ ठरतात

अमेरिकेतली शाळकरी मुलं दोनच वर्षांत वाचायला विसरली, असं १९८६ साली आकडे सांगत होते. ‘नेप’ या राष्ट्रीय चाचणीत नऊ आणि सतरा वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण १९८४च्या मानाने एवढे घसरले होते, की तज्ज्ञांनाच ते खरे वाटेनात. शाळा बिघडायला इतका थोडा वेळ पुरत नाही.

अल्बर्ट बीटन आणि रेबेका झ्विक या संशोधकांनी छडा लावायचं ठरवलं. वाचनाचे प्रश्न जुनेच होते. पण त्यांचा क्रम, सोबतचे विषय, दिलेला वेळ, उत्तरं नोंदवायची पद्धत असं बरंच काही थोडंथोडं बदललं होतं. १९८८मध्ये जुन्या आणि नव्या अशा दोन्ही धर्तीच्या पुस्तिका मुलांकडून सोडवून घेतल्या, तेव्हा घसरणीचा मोठा भाग या बदलांचाच निघाला. बदल मोजायचा असेल तर मोजमापाला हात लावू नये, हा बीटन यांनी त्यातून घेतलेला धडा.

म्हणूनच ‘नेप’ची दीर्घकालीन मालिका मोलाची आहे. वाचनासाठी १९७१पासून, गणितासाठी १९७३पासून नऊ, तेरा आणि सतरा वर्षांच्या मुलांचे गुण ० ते ५०० अशा एकाच पट्टीवर मोजले जात आले.

अर्थात सरासरीही चकवते. सतरा वर्षांच्या मुलांची वाचनातली सरासरी १९७१मध्ये २८५ होती आणि २०१२मध्ये २८७. चार दशकांत अवघे दोन गुण! पण गटवार पाहिलं तर गोरी मुलं २९१वरून २९५वर गेली आणि कृष्णवर्णीय मुलं २३९वरून थेट २६९वर. याच काळात शाळांतला गोऱ्या मुलांचा वाटा घटला, कमी सरासरीच्या गटांचा, विशेषतः हिस्पॅनिक मुलांचा, वाढला आणि एवढी मोठी कमाई एकूण आकड्यात दिसेनाशी झाली. शाळा सुधारतच नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे तीस गुण जरूर पाहावेत.

अलीकडचं चित्र मात्र खरोखर काळजीचं आहे. तेरा वर्षांच्या मुलांची गणिताची सरासरी २०१२मध्ये २८५ होती. कोविडच्या उंबरठ्यावर ती २८० झाली आणि २०२३मध्ये २७१. म्हणजे उतरण महामारीच्या आधीच लागली होती. या शेवटच्या टप्प्यात वरच्या थरातल्या मुलांनी सुमारे सहा गुण गमावले, तळाच्या मुलांनी चौदा.

सतरा वर्षांच्या मुलांचं काय झालं, हे ही मालिका सांगू शकत नाही. त्यांची २०२०ची फेरी कोविडने हुकली आणि २०२५ची अमेरिकी सरकारनेच रद्द केली.