अरुंधती मोमिनपुऱ्यात राहायला आली तर

आमच्या घरी टीव्ही एकच आणि रिमोटवर हक्क सांगणाऱ्या दोघी: माझ्या सासूबाई आणि माझी मुलगी. सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. त्यांना 'अनुपमा' लागायची, कारण ती हिंदीत. मुलीला 'आई कुठे काय करते', कारण वर्गातल्या मैत्रिणींच्या घरी तीच चालायची. दोघींचं एकमेकींच्या मालिकेबद्दल मत फारसं चांगलं नव्हतं. एका रात्री मुलगी जेवता जेवता अरुंधतीची कहाणी सांगत होती. अम्मींनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, ये तो मेरी वाली है!"

दोघींचंही खरं नव्हतं. कहाणी मूळची बंगाली. स्टार जलसा वाहिनीवर जून २०१९ मध्ये 'श्रीमोयी' सुरू झाली, लेखिका लीना गंगोपाध्याय. त्याच वर्षी डिसेंबरात स्टार प्रवाहवर तिची मराठी अरुंधती झाली आणि जुलै २०२० मध्ये स्टार प्लसवर हिंदी अनुपमा. तमिळ, तेलुगू, मल्याळममध्येही ती गेली. सगळीकडे तीच बाई. घरासाठी झिजलेली, मुलांना जिच्या इंग्रजीची लाज वाटते, नवऱ्याचं ऑफिसातल्या बाईशी जुळलेलं. ती दुसरी बाई बंगालीत जून, मराठीत संजना, हिंदीत काव्या.

कथा तीच, पण घर बदललं. मराठी अरुंधती देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात राहते आणि तिचा आधार गाणं आहे. हिंदी अनुपमा अहमदाबादच्या शहांची सून, ती नाचते. अम्मी आणि मुलगी भांडत होत्या त्या खरं तर गाणं चांगलं की नाच चांगला यावर. गंमत अशी की या सगळ्या वाहिन्या एकाच कंपनीच्या. म्हणजे आमच्या दिवाणखान्यात रोज जे युद्ध व्हायचं, त्यातल्या दोन्ही बाजूंची तिजोरी एकच होती.

हे भांडण आपल्याकडचं नवं नाही. इंग्लंड आणि अमेरिका हे दोन देश याच गोष्टीवरून साठ वर्षं एकमेकांना टोमणे मारत आले आहेत. भाषा एकच असूनही एकमेकांच्या मालिका तशाच्या तशा न दाखवता ते पुन्हा बनवून घेतात. बीबीसीची 'द ऑफिस' २००१ साली आली, बारा भाग आणि नाताळचे दोन विशेष भाग करून संपली. अमेरिकेच्या एनबीसीने तीच २००५ मध्ये घेतली आणि २०१ भाग काढले. इंग्रज म्हणतात, आम्ही थोडक्यात सांगतो, अमेरिकन पाणी घालून वाढवतात. अमेरिकन म्हणतात, तुमचं रोपटं होतं, झाड आम्ही केलं. (आपल्या मालिकांना पाणी घालण्यात मात्र दोघांनी मिळून हरवता येणार नाही.)

पण प्रत्येक वेळी झाड होतंच असं नाही. 'कपलिंग' नावाची इंग्लंडमधली गाजलेली विनोदी मालिका अमेरिकेने २००३ मध्ये घेतली. विनोदही बरेचसे तेच ठेवले. चार भागांत बंद करावी लागली. आणि त्याच्या तीस वर्षं आधी याच्या अगदी उलट घडलं होतं. बीबीसीवर १९६२ पासून 'स्टेप्टो अँड सन' चालायची. लंडनमधला म्हातारा भंगारवाला, त्याचा वैतागलेला मुलगा, घोडागाडी आणि दोघांची रोजची कटकट. अमेरिकेत १९७२ मध्ये नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी ती घेतली तेव्हा त्यांनी हे बापलेक लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात नेऊन काळे केले. गोरा स्टेप्टो काळा सॅनफोर्ड झाला. 'सॅनफोर्ड अँड सन' अमेरिकेत तुफान चालली. ज्यांचं घर पडद्यावर क्वचितच दिसायचं, त्यांच्या घरात कथा नेऊन ठेवली आणि कथेला नवा जीव आला.

आपल्याकडे काय होतं ते अम्मींना विचारा. त्यांच्या तरुणपणी मोमिनपुऱ्यातून व्हीसीआर भाड्याने आणून पूर्ण गल्ली पाकिस्तानी ड्रामे बघायची. १९८७ चा 'धूप किनारे' त्यांना अजून पाठ आहे. लेखिका हसीना मोईन, जन्म आपल्या कानपूरचा. कराचीतलं इस्पितळ, डॉक्टर झोया अली खान आणि डॉक्टर अहमर अन्सारी. २०११ मध्ये सोनी वाहिनीवर त्याचीच भारतीय मालिका आली, 'कुछ तो लोग कहेंगे'. अम्मी हौसेने बसल्या. गाव कराचीचं लखनौ झालं, ते ठीक. पण झोया अली खानची निधी वर्मा झाली आणि अहमर अन्सारीचे आशुतोष माथुर. लखनौमध्ये! जिथे झोया आणि अहमर हाक मारली तर चार चार जण मागे वळून पाहतील. अम्मी एवढंच म्हणाल्या, "नाम काहे को बदला?" आणि दुसऱ्या दिवसापासून बसल्या नाहीत.

मला वाटतं, मालिका बनवणाऱ्यांचा यात द्वेष नसतो, हिशेब असतो. जास्तीत जास्त लोकांना आपलं वाटेल ते घर ते निवडतात. तरीही अम्मींचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझी मुलं मराठी वाचतात, मराठीत बाजार करतात, काहून, बावा, करून राहिली असं अस्सल नागपुरी बोलतात. झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' चालू होती तेव्हा नागपूरची राधिका बोलायला लागली की वर्ग खूश असायचा. "मॅडम, ती आपल्यासारखी बोलते." १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. आमचं 'करून राहिली' हे मुळात हिंदीच्या 'कर रही है'चं मराठीत केलेलं रूप म्हणा ना. राधिकाची बोली त्यांची होती. तिचं घर मात्र त्यांचं नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी वेगळं काम दिलं. 'आई कुठे काय करते' सगळ्यांना माहीत होती. म्हटलं, हे घर आपल्या मोहल्ल्यात आणा. नावं बदला, स्वयंपाकघर बदला, आणि कथा कुठे अडते ते मला सांगा.

पहिल्या दिवशी सगळं सोपं गेलं. देशमुखांचे देशमुखच राहिले, मुसलमान देशमुख आपल्याकडे आहेतच. अरुंधतीचं गाणं गेलं आणि शिवणकाम आलं. एकीने तिला मोहल्ल्यातल्या मुलींना नाजरा शिकवायला लावलं. सकाळचा नाश्ता तर्री-पोहेच राहिला, त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अडलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, आपल्यात तर अनिरुद्धला तलाक द्यायची गरजच नाही. दुसरी करून घेईल." पोरं हसली. मुली गप्प झाल्या. मी तीस मुलांसमोर उभी होते आणि हे टाळून पुढच्या धड्यावर जाणं अगदी सोपं होतं. मी विचारलं, कुराणात त्या परवानगीसोबत काय आलं आहे? कुणीतरी हळूच म्हणालं, बरोबरीचा न्याय करता येणार नसेल तर एकच. मी म्हटलं, जो पहिलीशी खोटं बोलून लपूनछपून भेटतो, तो न्याय करणारा आहे का, ते तुमच्या कथेत लिहा. तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग अरुंधती खुला घेईल. आणि मेहर त्याने अजून दिली नसेल तर? खुल्यात ती सोडावी लागते का?" आता पोरं गप्प झाली. तिचा प्रश्न मी मौलानासाहेबांना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर देईन असं सांगितलं, आणि दिलंही.

पण कथा खरी अडली ती पुढे. मालिकेत सगळ्यात मोठं वादळ उठतं ते अरुंधतीच्या दुसऱ्या लग्नावरून. मोठ्या मुलांची आई, आता सासू झालेली, तिने लग्न कसं करायचं! मुलांनी लिहिलं की आपल्यात हे वादळ उठणारच नाही. इद्दत संपली की निकाह जायज आहे. हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या आणि पैगाम त्यांच्याच बाजूने गेला होता. म्हणजे इथे कथा संपली, असं अर्ध्या वर्गाचं मत पडलं.

तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या मोहल्ल्यात अशा किती जणींचा निकाह झालाय?"

आम्ही मोजायला बसलो. तलाक झालेले किंवा बायको वारलेले आणि वर्षाच्या आत पुन्हा लग्न केलेले पुरुष मुलांनी भराभर सांगितले, बोटं पुरेनात. मोठी मुलं असलेल्या बायका मोजताना वर्ग थांबला. एक नाव आलं, तेही कामठीचं.

मी माझं नाव घेतलं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर माझी खाला होती. एकेचाळीसाव्या वर्षी तलाक झाला. दोन मुलगे, एक मुलगी. तीन वर्षांनी एका चांगल्या विधुराचा पैगाम आला होता. मनाई कुणी केली नाही. मोठा मुलगा फक्त म्हणाला, लोग क्या कहेंगे, आणि आम्ही सगळे, मी बीएड झालेली धरून, चहा पीत बसलो. पैगाम परत गेला. खाला आज पासष्टची आहे.

मुलांच्या कथांमध्ये शेवटी बहुतेकांनी निकाह लावून दिला. काहींनी मुलाचं मन वळवायला एक इमामसाहेब आणले, जे मालिकेत असते तर अम्मींना फार आवडले असते. त्या पुढच्या बाकावरच्या मुलीने मात्र मुलाला सहा भाग रुसवून ठेवलं आणि आईला त्याची वाट न बघता कबूल है म्हणायला लावलं. तिने अरुंधतीचं नाव झोया ठेवलं होतं. मी वर्गात 'धूप किनारे'चं सांगितलं होतं, तेवढं तिने लक्षात ठेवलं.

ती वही मी तिच्या परवानगीने घरी आणली. खालाला मराठी वाचता येत नाही, म्हणून माझी मुलगी दर शुक्रवारी तिच्याकडे जाऊन एकेक भाग उर्दूत करून सांगते. मध्ये मध्ये स्वतःचंही घालते, असा मला संशय आहे. आतापर्यंत तीन भाग झालेत. खालाने अजून मत दिलेलं नाही. पण मागच्या शुक्रवारी मुलीला ताप होता, ती गेली नाही, तर मगरिबनंतर खालाचाच फोन आला, आगे क्या हुआ म्हणून.