मोठे हेलिकॉप्टर घेताय? आधी मैदान पाहा

प्रतिनिधी

रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचे आकर्षण लहानथोरांना सारखेच असते. तळहातावर मावणाऱ्या हेलिकॉप्टरपासून सुरू झालेली हौस लवकरच मोठ्या आकाराकडे वळते आणि मग दुकानाच्या वरच्या फळीवरचे, हातभराहून लांब, एकावर एक दोन पंखे असलेले हेलिकॉप्टर खुणावू लागते. ‘दोन पंखे आहेत, म्हणजे सहजी पडणार नाही आणि मोठे आहे, म्हणजे वाऱ्यातही टिकेल’, असा ग्राहकाचा समज असतो. या समजाचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा मात्र नाही. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यास नवे कोरे हेलिकॉप्टर पहिल्याच रविवारी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसते आणि एखाद्या वेळी ते कुणाच्या तरी अंगावरही येऊ शकते.

दोन पंखे कशासाठी?

हेलिकॉप्टरचा पंखा ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने त्याचे धड फिरू पाहते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचाच हा परिणाम. नेहमीच्या हेलिकॉप्टरमध्ये हा पीळ थोपविण्याचे काम शेपटीवरील उभा छोटा पंखा करतो. को-अॅक्सियल, म्हणजे एकाच आसावर दोन पंखे असलेल्या रचनेत वरचा आणि खालचा पंखा परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. त्यामुळे दोघांचे पीळ एकमेकांना निष्प्रभ करतात आणि धड स्थिर राहते.

ही रचना केवळ खेळण्यांपुरती नाही. भारतीय नौदलाच्या ताफ्यातील रशियन बनावटीची कामोव-२८ आणि कामोव-३१ ही हेलिकॉप्टर याच जातीची. लांब शेपटीची गरज नसल्याने युद्धनौकेच्या अपुऱ्या जागेत ती सोयीची ठरतात. ‘नासा’ने मंगळावर पाठविलेले ‘इन्जेन्युइटी’ हेही को-अॅक्सियल हेलिकॉप्टरच होते. १.८ किलो वजनाच्या आणि सुमारे १.२ मीटर व्यासाच्या पंख्यांच्या या यंत्राने १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर पहिले उड्डाण केले. पाच उड्डाणांच्या चाचणीसाठी पाठविलेल्या या हेलिकॉप्टरने जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली.

खेळण्यातील हेलिकॉप्टर मात्र या थोरल्या भावंडांपेक्षा बरेच साधे असते. त्याच्या पात्यांचा कोन सहसा कायम असतो. वर जायचे तर दोन्ही पंख्यांचा वेग वाढतो, खाली यायचे तर कमी होतो. नाक डावी-उजवीकडे वळवायचे असेल, तेव्हा एका पंख्याचा वेग वाढवून दुसऱ्याचा कमी केला जातो. वरच्या पंख्याला जोडलेली, दोन्ही टोकांना वजन असलेली दांडी ही या रचनेतील खरी किमया. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे ही दांडी आपली पातळी सोडायला नाखूश असते. हेलिकॉप्टर कलू लागले, की ती वरच्या पंख्याला पुन्हा सपाटीवर आणते. चालविणाऱ्याने हात सैल सोडला तरी यंत्र हवेत बऱ्यापैकी सरळ राहते, ते या दांडीमुळे.

स्थैर्याची किंमत

हेलिकॉप्टरला पुढे जायचे असेल तर पुढे झुकावे लागते. झुकण्याचा कोन जितका अधिक, तितका वेग अधिक. को-अॅक्सियल खेळणे मुळातच झुकायला नाखूश असल्याने त्याचा पुढे जाण्याचा वेग बेताचाच राहतो. खोलीत वा सभागृहात हा गुण ठरतो, उघड्या मैदानावर तोच दोष होतो. समजा, हेलिकॉप्टर ताशी ७ किलोमीटर वेगाने पुढे जाऊ शकते आणि वारा ताशी १० किलोमीटरने वाहतो आहे. अशा वेळी नाक वाऱ्याकडे करून कितीही जोर लावला, तरी ते ताशी ३ किलोमीटरने मागेच सरकणार. वारा अंगावर घेऊन मागे परतण्याची ताकदच त्यात नसते. आकार मोठा असला तरी हे गणित फारसे बदलत नाही. उलट मोठ्या धडावर वारा अधिक जोराने आदळतो. लहान झुळुकीने ते थरथरत नाही इतकेच, वाहून मात्र जाते.

वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी उपकरण लागत नाही. उदबत्तीचा धूर किंचित वाकत असेल, पण पाने हलत नसतील, तर वारा ताशी ५ किलोमीटरच्या आत असतो. चेहऱ्याला वारा जाणवू लागला आणि पाने सळसळू लागली, की तो ताशी ६ ते ११ किलोमीटरच्या घरात पोचलेला असतो. पाने सळसळू लागली, की को-अॅक्सियल हेलिकॉप्टर खाली उतरवावे. मुंबईसारख्या किनारपट्टीच्या शहरात दुपारी समुद्राकडून वारे सुरू होतात, म्हणून सूर्योदयानंतरचा तास-दीड तास उड्डाणासाठी अधिक योग्य.

आकाराबरोबर काय वाढते?

हेलिकॉप्टरची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर पंख्याने व्यापलेले क्षेत्र चौपट होते, पण तशाच घडणीच्या यंत्राचे वजन आठपट होते. म्हणजे पंख्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येतो. यातून वाट काढण्यासाठी मोठ्या खेळण्यांचे धड पोकळ, पातळ आणि सांगाडा जाळीदार ठेवतात. दिसायला भारदस्त असलेले हे हेलिकॉप्टर प्रत्यक्षात नाजूक असते, ते यामुळेच.

धोका मात्र नाजूक नसतो. ७०० ग्रॅम वजनाचे हेलिकॉप्टर ५ मीटर उंचीवरून खाली कोसळले, तर त्याचा आघात ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या सीझन बॉलइतका असतो. ५० सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी १४० किलोमीटरच्या वेगाने हवा कापत असते. बोट आणि डोळा यांना यातून मोठी इजा होऊ शकते. म्हणून उडविणाऱ्याने आणि पाहणाऱ्यांनीही किमान पाच मीटर अंतर राखावे, डोळ्यांवर चष्मा ठेवावा आणि खाली येणारे हेलिकॉप्टर हातात झेलण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

खरेदी करताना

पहिला प्रश्न ‘केवढे’ हा नसून ‘कुठे उडविणार’ हा असावा. घरातील दिवाणखान्यासाठी मोठे हेलिकॉप्टर कामाचे नाही. सोसायटीचे सभागृह किंवा बॅडमिंटनचा हॉल ही त्याच्यासाठी उत्तम जागा. मात्र छताचे पंखे आणि वातानुकूलन बंद हवे. मैदान असेल, तर ते मोकळे, गवताळ आणि विजेच्या तारांपासून दूर असावे. दोन्हीपैकी काहीच उपलब्ध नसेल, तर लहान हेलिकॉप्टरच घेणे शहाणपणाचे.

दुसरी बाब चॅनेलची. तीन चॅनेलच्या हेलिकॉप्टरमध्ये वर-खाली, डावी-उजवीकडे वळणे आणि पुढे-मागे एवढ्याच हालचाली होतात. पुढे-मागे जाण्यासाठी शेपटीवरचा छोटा आडवा पंखा शेपूट उचलतो किंवा दाबतो. चार चॅनेलच्या हेलिकॉप्टरमध्ये खालच्या पंख्याखाली स्वॉशप्लेट नावाची चकती असते. ती कलली, की पंखाही कलतो आणि हेलिकॉप्टर न वळता बाजूलाही सरकू शकते. खोक्यावर ‘साडेतीन चॅनेल’ लिहिलेले असले, तरी त्यातील अर्धा चॅनेल म्हणजे बाजूला सरकण्याची सोय नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ज्याला खरोखर उड्डाण शिकायचे आहे, त्याने आकार एक पायरी कमी करून चार चॅनेल घ्यावेत. २००० च्या दशकात हौशी मंडळींत लोकप्रिय झालेली ‘ब्लेड सीएक्स’ आणि ‘ईस्काय लामा’ ही हेलिकॉप्टर अवघ्या ३४ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाच्या पंख्यांची होती. परंतु चार चॅनेलमुळे अनेकांचे पहिले धडे त्यांच्यावरच गिरविले गेले. गंमत अशी, की ज्याच्या रूपावर ते खेळणे बेतले होते, ते मूळ ‘लामा’ हेलिकॉप्टर एका मुख्य पंख्याचे आहे. ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ने त्याचीच बांधणी ‘चीता’ या नावाने केली.

तिसरी बाब रिमोटची. इन्फ्रारेड किरणांवर चालणारा रिमोट उन्हात दगा देतो. बाहेर उडवायचे, तर २.४ गिगाहर्ट्झ रेडिओ लहरींवर चालणाराच रिमोट हवा. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब सुट्या भागांची. दोन्ही पंख्यांची पाती, आतील दांडा, दातेरी चाके आणि बॅटरी हे भाग स्वतंत्र मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. वरची आणि खालची पाती उलट दिशांनी फिरत असल्याने ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दोन्ही प्रकारची एकेक जोडी जवळ असावी. वरच्या पंख्याचा बारीक दांडा खालच्या पंख्याच्या पोकळ दांड्यातून जातो. एका आपटीत तो किंचित वाकला, तरी सारे यंत्र थरथरू लागते. हेलिकॉप्टर चौदा वर्षांखालील मुलांचे खेळणे म्हणून विकले जात असेल, तर त्यावर आयएसआय चिन्ह आहे ना, हेही पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक झाले आहे.

बॅटरीचे पथ्य

या हेलिकॉप्टरना लिथियम-पॉलिमर बॅटरी लागते. तिच्या प्रत्येक सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी कायमची निकामी होऊ शकते. १,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि यंत्र सरासरी ९ अँपिअर वीज ओढत असेल, तर हिशेबाने १० मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून आठव्या मिनिटाला उतरणे हितावह. उड्डाणानंतर मोटारींना आणि बॅटरीला दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये. ती लावून झोपी जाऊ नये किंवा घराबाहेर पडू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

पहिले उड्डाण

आधी रिमोट सुरू करावा, मग हेलिकॉप्टर; बंद करताना क्रम उलटा. हेलिकॉप्टर सपाट जागेवर, शेपूट आपल्याकडे करून ठेवावे आणि आतील जायरो स्थिरावेपर्यंत त्याला हात लावू नये. शेपूट आपल्याकडे असेल, तर त्याची डावी-उजवी बाजू आपल्याच डाव्या-उजव्याप्रमाणे असते. नाक आपल्याकडे वळले, की सारे उलटे होते आणि नवशिक्यांचे अपघात प्रामुख्याने त्याच क्षणी होतात.

जमिनीलगत पंख्याची हवा खाली आदळून परत वर येते आणि यंत्र डगमगते. म्हणून अर्धवट तरंगत ठेवण्याऐवजी ते एका दमात कमरेच्या उंचीपर्यंत न्यावे व तिथे थांबवावे. ते आपसूक एका बाजूला वळत असेल, तर ट्रिमचे बटण विरुद्ध बाजूला थोडे थोडे दाबून ती ओढ काढून टाकावी. पहिल्या दोन-तीन बॅटऱ्या केवळ एका जागी तरंगण्याच्या सरावावर खर्च कराव्यात. नंतर चौकोन काढावा, नाक आपल्याकडे करून उडविणे सर्वांत शेवटी. उतरताना वेग एकदम कमी करू नये. आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते. पाती कशालाही अडकली, तर तत्क्षणी वेग शून्यावर आणावा. अन्यथा मोटार आणि दातेरी चाके दोन्ही जातात. संक्रांतीच्या दिवसांत झाडांवर आणि तारांवर लोंबणारा मांजा पंख्यांत गुंतण्याचा धोका असतो, त्या काळात सभागृहच बरे.

नियम काय सांगतात?

२०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टरही मोडते. २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’, तर त्यापुढे २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ गणले जाते. छंद म्हणून उडविणाऱ्याला या दोन्ही गटांत वैमानिक परवाना लागत नाही. मात्र नॅनो गटाला तृतीय पक्ष विम्यातून असलेली सूट २५० ग्रॅमच्या पुढे मिळत नाही. मोठ्या हेलिकॉप्टरच्या खरेदीपूर्वी खोक्यावरील वजन वाचायचे, ते याकरिताही. विमानतळ आणि लष्करी आस्थापनांच्या परिसरातील निर्बंध ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येतात. याखेरीज मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणास्तव ड्रोन आणि रिमोटवर चालणाऱ्या उडत्या साधनांवर वेळोवेळी बंदी आदेश काढतात. उघड्यावर उडविण्यापूर्वी असा आदेश लागू आहे का, याची खातरजमा करणे ही उडविणाऱ्याचीच जबाबदारी.

एकूण काय, तर को-अॅक्सियल हेलिकॉप्टर हा उड्डाणाचा उत्तम पहिला गुरू आहे, परंतु तो शांत हवेतच शिकवितो. शांत हवा आणि मोकळी जागा हाताशी असेल, तर मोठे हेलिकॉप्टर डोळ्यांचे पारणे फेडते. ती नसेल, तर लहान हेलिकॉप्टरवर शिकलेला हात पुढे कोणत्याही मोठ्या यंत्रावर चालतो. न शिकलेल्या हातात मात्र महागडे यंत्रही एका झुळुकीचेच सोबती ठरते.