जुन्या मोटारीचा सौदा : माहिती, घासाघीस आणि कायदा

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या मोटारीच्या खरेदीकडे सामान्यतः व्यवहारचातुर्याचा विषय म्हणून पाहिले जाते. ज्याला बोलता येते त्याला मोटार स्वस्त मिळते आणि जो भिडस्त असतो तो नागवला जातो, असा समज रूढ आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा सौदा दोन निरनिराळ्या प्रश्नांचा बनलेला असतो. विकावयास ठेवलेली वस्तू नेमकी कशी आहे, हा पहिला प्रश्न. आणि सौद्यातून निर्माण होणाऱ्या लाभाचा किती वाटा व्यापाऱ्याने घ्यावा व किती खरेदीदाराने राखावा, हा दुसरा. घासाघीस या शब्दाने जे सूचित होते ते केवळ दुसऱ्या प्रश्नापुरते असते. पहिला प्रश्न अनिर्णित ठेवून दुसऱ्यात मिळविलेले यश बहुधा पोकळ ठरते. इंजिन झिजलेली मोटार दहा हजार रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी ती महागच पडते.

२. गुणवत्तेची अज्ञातता

पहिल्या प्रश्नाचे शास्त्रीय विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकातील आपल्या प्रसिद्ध निबंधात केले. अमेरिकन बोलीत सदोष मोटारीस ‘लेमन’ म्हणतात. त्या निबंधाच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. महाराष्ट्रातील गुरांच्या बाजारात ज्याला ‘खोडीचा बैल’ म्हणतात, त्याचेच हे यांत्रिक रूप होय. बैलाचे वय दातांवरून कळते. त्याची खोड मात्र तो जुंपल्यावाचून कळत नाही. मोटारीच्या बाबतीतही रंग, काचा व टायर डोळ्यांना दिसतात. अपघातानंतर सरळ केलेला सांगाडा किंवा मागे फिरविलेले अंतरमापक दिसत नाही.

अ‍ॅकरलॉफ यांचा युक्तिवाद एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. बाजारात निम्म्या मोटारी चांगल्या व निम्म्या सदोष आहेत, असे समजू. चांगली मोटार खरेदीदारास ४ लाख रुपयांच्या मोलाची वाटते आणि तिचा मालक ती साडेतीन लाखांखाली देण्यास तयार नाही. सदोष मोटारीचे मोल खरेदीदारास २ लाख व मालकास दीड लाख आहे. कोणती मोटार कशी, हे खरेदीदारास ओळखता येत नसेल, तर तो सरासरीच्या हिशेबाने फार तर ३ लाख देऊ करील. या किमतीस चांगल्या मोटारीचा मालक विक्री करणार नाही. मागे उरतील त्या केवळ सदोष मोटारी. आणि ही गोष्ट उमगताच खरेदीदार २ लाखांपलीकडे जाणार नाही. परिणामी, चांगल्या मोटारीचा जो सौदा उभयतांस लाभदायक झाला असता, तो घडतच नाही. येथे कोणी खोटे बोलले असे नाही. माहितीच्या विषमतेनेच बाजार आकुंचित झाला. या विचारपरंपरेबद्दल अ‍ॅकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रत्यक्षात बाजार पूर्णपणे कोसळत नाही, याचे कारण ही विषमता कमी करणारी काही साधने उपलब्ध असतात. व्यापाऱ्याने लेखी हमी दिली, तर तिचा खर्च सदोष मोटार विकणाऱ्यास अधिक व चांगली मोटार विकणाऱ्यास कमी येतो. म्हणून हमी ही गुणवत्तेची खूण ठरू शकते. तोंडी आश्वासनास असा खर्च नसतो, म्हणून त्याला तेवढे मोलही नसते. दुसरे साधन त्रयस्थ कारागिराकडून तपासणी. तिचे महत्त्व केवळ तपासणीत काय आढळले एवढ्यापुरते नाही. सॅनफर्ड ग्रॉसमन व पॉल मिलग्रोम यांनी १९८१ साली स्वतंत्रपणे दाखविल्याप्रमाणे, जी माहिती सहज व खात्रीने उघड करता येते ती विक्रेता उघड करीत नसेल, तर ती प्रतिकूल आहे असे मानणे सयुक्तिक ठरते. तपासणीस नकार हेदेखील एक उत्तरच असते.

३. घासाघिशीचे क्षेत्र

गुणवत्तेविषयी वाजवी खात्री झाल्यानंतरच किमतीचा प्रश्न अर्थपूर्ण होतो. समजा, व्यापाऱ्यास एक मोटार खरेदी, दुरुस्ती व इतर खर्च धरून २ लाख ९० हजारांस पडली आहे. त्याखाली ती विकण्यात त्याला स्वारस्य नाही. खरेदीदाराची कमाल मर्यादा ३ लाख ३० हजारांची आहे. या दोन मर्यादांमधील ४० हजारांचा पट्टा हेच घासाघिशीचे खरे क्षेत्र. जॉन नॅश यांच्या १९५० सालच्या मांडणीनुसार, दोन्ही पक्ष सर्व बाबतींत सारखे असतील तर हा लाभ समसमान विभागला जाईल व सौदा ३ लाख १० हजारांस तुटेल. आता त्याच प्रतीची दुसरी मोटार खरेदीदारास अन्यत्र ३ लाख १० हजारांस मिळण्यासारखी आहे, असे मानले तर त्याची कमाल मर्यादा तेथपर्यंत खाली येते आणि सौदा ३ लाखांस ठरतो. एकही शब्द अधिक न बोलता दहा हजारांचा फरक पडला. सौद्यातील बळ वक्तृत्वात नसून पर्यायात असते, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय.

एरियल रुबिनस्टाइन यांनी १९८२ साली या चित्रात काळाची भर घातली. ज्याला विलंब अधिक जाचतो त्याच्या वाट्याला कमी लाभ येतो. व्यापाऱ्याचे भांडवल उभ्या मोटारीत गुंतलेले असते; त्यावर व्याज चढते आणि नवे वर्ष लागताच मोटार आणखी एका वर्षाने जुनी समजली जाते. दुसरीकडे, ज्याला येत्या आठवड्यातच मोटार हवी आहे त्याने ती निकड बोलून दाखविली, तर त्याने आपलेच बळ घटविले असे होते. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे’ या व्यापाऱ्याच्या परिचित वाक्याचा हेतूही खरेदीदारास घाई लावणे हाच असतो.

परंतु प्रत्येक पक्ष आपली मर्यादा लपवितो, यातच घासाघिशीचा दोषही आहे. रॉजर मायरसन व मार्क सॅटरथ्वेट यांनी १९८३ साली सिद्ध केले की, जेथे मर्यादा गुप्त आहेत आणि लाभदायक सौदा शक्य आहे की नाही हेच आधी निश्चित नाही, तेथे बाहेरून पैसा न ओतता प्रत्येक लाभदायक सौदा घडवून आणणारी कोणतीही ऐच्छिक पद्धती असू शकत नाही. काही सौदे केवळ ताणून धरल्यामुळे मोडतात, आणि ती हानी उभयपक्षी असते.

घासाघिशीचा न्याय्यतेशीही संबंध आहे. इयान एअर्स व पीटर सीगेलमन यांनी १९९५ साली शिकागो परिसरातील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या मोटारींच्या दुकानांत निरनिराळ्या व्यक्तींस एकच ठरीव संभाषण करावयास लावले असता, गोऱ्या पुरुषांस सांगितलेल्या किमती कृष्णवर्णीयांस व स्त्रियांस सांगितलेल्या किमतींहून लक्षणीय प्रमाणात कमी आढळल्या. बोलणे तेच असूनही किंमत बदलली. म्हणजे व्यापारी समोरच्या व्यक्तीकडे पाहून तिच्या मर्यादेविषयी अंदाज बांधीत होते, असे म्हणावे लागते. जेथे किंमत उघडपणे लिहिलेली नसते तेथे अशा पूर्वग्रहांस वाव मिळतो.

४. एका सौद्यातील अनेक सौदे

व्यापाऱ्याशी होणारा व्यवहार क्वचितच केवळ मोटारीपुरता असतो. जुनी मोटार बदलून देणे, कर्ज, विमा व नोंदणीखर्च ही अंगे त्यास जोडलेली असतात. एका अंगात दिलेली सूट दुसऱ्या अंगातून वसूल करणे अशा वेळी सहज शक्य होते. ३ लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी ‘सरळ’ दहा टक्क्यांनी घेतल्यास व्याज ९० हजार होते. घटत्या शिल्लकेवर दहा टक्क्यांनी तेच सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार पडते. सरळ दहा टक्के म्हणजे घटत्या शिल्लकेवरील जवळजवळ अठरा टक्के होत. मोटारीच्या किमतीत महत्प्रयासाने मिळविलेली वीस हजारांची सूट येथे दुपटीने परत जाते. म्हणून मासिक हप्त्याच्या आकड्यावर बोलणी न करता प्रत्येक अंगाची रक्कम स्वतंत्रपणे ठरविणे इष्ट होय.

कर व विमा यांविषयीही नेमकी माहिती असावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या वाहनांवर १८ टक्के दराची शिफारस केली. परंतु तो कर सामान्यतः संपूर्ण किमतीवर नव्हे, तर व्यापाऱ्याच्या खरेदी व विक्री किमतींतील फरकावर आहे. संपूर्ण किमतीवर अठरा टक्के मागितले गेल्यास त्याचा आधार विचारणे आवश्यक ठरते. तसेच विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ मालकाबरोबर जातो, मोटारीबरोबर नव्हे. त्यामुळे पूर्वीच्या मालकाचा कमी हप्ता नव्या मालकास लागू होत नाही.

५. मालकीचे हस्तांतर

किंमत चुकती झाली म्हणजे सौदा संपला, असे कायद्याच्या दृष्टीने होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५० अन्वये हस्तांतराची नोंद परिवहन कार्यालयात करणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे ठरविले की, मोटार हस्ते परहस्ते कितीही वेळा विकली गेली असली, तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल. व्यापाऱ्यास मोटार देऊन कोऱ्या नमुन्यांवर सह्या करणाऱ्या विक्रेत्यास यातील धोका सहसा जाणवत नाही. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी ही पोकळी काही अंशी भरून काढली. त्यांनुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास अधिकृततेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि वाहन त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नोंदणी अधिकाऱ्यास गेल्यावर तो मानीव मालक ठरतो.

खरेदीदाराच्या बाजूने पाहता, शासनाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीतून मोटारीचा नोंदणीदिनांक, मालकांचा अनुक्रम, विम्याची मुदत व कर्जाचा बोजा ताडून पाहता येतो. बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र मिळेपर्यंत इसारापलीकडे रक्कम न देणे शहाणपणाचे असते.

६. समारोप

वरील विवेचनावरून एक क्रम स्पष्ट होतो. कागदपत्रे व तपासणी यांनी मोटारीविषयीचे अज्ञान कमी करावे. पर्याय हाती ठेवून आपली मर्यादा आधीच ठरवावी. आणि मग किंमत, कर्ज व विमा यांविषयी निरनिराळे बोलावे. या क्रमाने जाणाऱ्यास घासाघीस करावी लागणार नाही असे नव्हे. परंतु ती थोडक्यात आटोपेल. तथापि हा क्रम पाळण्यास वेळ, ओळखी व काही खर्च लागतो, आणि ज्याला कामावर जाण्यासाठी मोटार आजच हवी आहे त्याच्यापाशी नेमके तेच नसते. म्हणून प्रामाणिक व्यवहाराचा भार केवळ खरेदीदाराच्या सावधपणावर टाकता येत नाही. लेखी हमी, उघड किंमत व विश्वसनीय नोंदवही या संस्थात्मक सोयी जितक्या दृढ होतील, तितका भिडस्त माणसालाही हा बाजार न्यायाचा वाटेल.