संगणक सुरू होताना डिस्क का तपासतो?

वीज अचानक जाते आणि संगणक बंद पडतो. वीज आल्यावर तो पुन्हा सुरू करावा, तर नेहमीचे चित्र न येता निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात. डिस्क तपासली जाणार आहे; तपासणी नको असेल तर १० सेकंदांच्या आत कोणतेही बटण दाबा, असा त्यांचा आशय असतो. शाळेतील जुन्या संगणकावर हा पडदा तुम्ही पाहिला असेल. पुष्कळ जण घाईघाईने बटण दाबून मोकळे होतात. ही तपासणी कशाची असते आणि ती केव्हा टाळावी, केव्हा टाळू नये, हे आपण पाहू.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. जुन्या डिस्कच्या तबकडीवरील जागा ५१२ बाइटच्या भागांत विभागलेली असते. या भागांना सेक्टर म्हणतात. काही सेक्टर मिळून एक क्लस्टर होतो आणि फाइलला जागा मिळते ती क्लस्टरच्या हिशेबाने. समजा, ८ सेक्टरांचा एक क्लस्टर आहे. म्हणजे तो ४,०९६ बाइटचा झाला. आता १०,००० बाइटचा निबंध साठवायचा, तर ३ क्लस्टर लागतील.

हे तिन्ही क्लस्टर शेजारी शेजारी मिळतीलच असे नाही. समजा, ते १२, १३ आणि २७ या क्रमांकांचे मिळाले. याची नोंद ठेवण्यासाठी डिस्कवरच एक तक्ता असतो. जुन्या पद्धतीत त्याला 'फाइल अ‍ॅलोकेशन टेबल', थोडक्यात 'फॅट', म्हणतात. फाइलींच्या यादीत निबंधाचे नाव आणि पहिला क्रमांक १२ लिहिलेला असतो. तक्त्यात १२ च्या पुढे १३, १३ च्या पुढे २७ आणि २७ च्या पुढे 'समाप्त' अशी खूण असते. ही साखळी धरून संगणक पूर्ण फाइल वाचतो.

म्हणजे एक फाइल साठवताना तीन कामे करावी लागतात : मजकूर लिहिणे, तक्ता भरणे आणि यादीत नोंद करणे. वीज यांच्या मधेच गेली तर? तक्ता भरला, पण यादीत नाव चढले नाही, तर ते क्लस्टर अडकून पडतात. त्यांना मालकच राहत नाही. कधी दोन फाइलींच्या साखळ्या एकाच क्लस्टरवर येऊन मिळतात. ग्रंथालयातील नोंदवही आणि कपाटातील पुस्तके यांचा मेळ बसू नये, तसेच हे आहे.

डिस्कची तपासणी म्हणजे हा मेळ घालणे. प्रत्येक साखळी टोकापर्यंत तपासली जाते. बेवारशी क्लस्टर सापडले, तर ते मोकळे केले जातात किंवा 'सीएचके' असे शेपूट असलेल्या फाइलींत जमा केले जातात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा : तपासणी नोंदवही दुरुस्त करते, हरवलेला मजकूर परत आणत नाही. हिशेब जुळवण्यासाठी ती एखादी बिघडलेली फाइल तोडूही शकते.

तपासणीची गरज आहे हे संगणकाला कसे कळते? त्यासाठी डिस्कवर एक खूण असते. तिला 'डर्टी बिट' असे गमतीदार नाव आहे. १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये, म्हणजे फॅट पद्धतीत, संगणक वापरात असताना ही खूण 'काम चालू' असे दाखवते आणि रीतसर बंद करताना ती 'ठीक' अशी केली जाते. सुरू होताना ती 'ठीक' नसेल, तर मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नाही, हे उघड होते.

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये बहुधा 'एनटीएफएस' ही पद्धत असते. तिच्यात नोंदींतील प्रत्येक बदल आधी एका रोजनिशीत टिपला जातो. वीज गेली, तर रोजनिशी पाहून अर्धवट बदल पुरा केला जातो किंवा रद्द होतो. म्हणून नुसती वीज गेल्याने इथे सहसा लांब तपासणी होत नाही. नोंदींत खरोखर विसंगती आढळली, की मगच डर्टी बिट लागतो. विंडोज ९८ मध्ये तपासणीचा अर्थ बहुधा 'वीज गेली होती' एवढाच. एक्सपीमध्ये मात्र ती अधिक गंभीरपणे घ्यावी.

नोंदींची तपासणी तुलनेने लवकर संपते. परंतु प्रत्येक सेक्टर वाचून पाहायचा असेल, तर वेळ फार लागतो. ८० गिगाबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी ४० मेगाबाइट वेगाने वाचली, तरी ८०,००० ÷ ४० = २,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे लागतील. खराब सेक्टर वाचण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा होतो, म्हणून खराब डिस्कला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

तेव्हा काय करावे? तपासणी क्वचित येत असेल, तर ती पूर्ण होऊ द्यावी आणि चालू असताना वीज तोडू नये. बटण दाबून ती टाळली, तरी खूण तशीच राहते. पुढच्या वेळी तोच पडदा पुन्हा येतो. तपासणी पूर्ण होऊनही रोज येत असेल, तर डिस्कची केबल सैल आहे का, खराब सेक्टर वाढत आहेत का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर क्रम उलटा करावा : आधी बटण दाबून तपासणी थांबवावी, महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला प्रत्येक सेक्टर वाचायला लावणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य तपासणीतच खर्च करणे होय.

करून पाहा : कागदावर ३० चौकोन आखून त्यांना क्रमांक द्या. तीन फाइलींच्या साखळ्या लिहा आणि कोणताही एक आकडा मित्राला गुपचूप बदलायला सांगा. चूक कुठे झाली ते तुम्ही शोधून काढू शकाल. पण मूळ आकडा कोणता होता, हे दर वेळी सांगता येईल का?