भुकेल्या कृमीची चाल

पोटात कावळे ओरडू लागले की माणसाची चाल बदलते. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीचेही तसेच होते. त्याचे शास्त्रीय नाव ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’. एवढ्याशा जिवाला ते नाव पेलवत नाही, म्हणून मी त्याला नुसते कृमी म्हणेन. कुजणाऱ्या फळांवर तो राहतो आणि जिवाणू खातो.

याच्या शरीरात चेतापेशी मोजून ३०२. त्यांच्या आपसांतल्या जोडण्यांचा नकाशा केंब्रिजच्या संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. मग आता याचे वागणे आधीच सांगता येईल, असे तुम्हाला वाटेल. पण नकाशात जोडण्या दिसतात, भूक दिसत नाही. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

हेजकॉक आणि रसेल या शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले, की २० अंश सेल्सिअसला खाऊनपिऊन वाढलेला कृमी कमीजास्त ऊब असलेल्या बशीत सोडला, तर तो नेमकी २० अंशांची जागा हुडकून तिथे येरझारा घालतो. त्याच तापमानात काही तास उपाशी ठेवला, तर मात्र तिकडे फिरकत नाही. ऊब तीच, पेशी त्याच. फरक पडला तो पोटामुळे.

हा निरोप पोहोचवतात ती रसायने. पोट भरलेला कृमी जिवाणूंच्या थरावर आला की थोडा मंदावतो. ते काम डोपामिनचे. डोपामिन सोडणाऱ्या आठ पेशी स्पर्श ओळखतात. म्हणून जिवाणूंऐवजी बारीक निर्जीव मणी पसरले तरी कृमी मंदावतो. बिचारा फसतो! अर्धा तास उपाशी राहिलेला कृमी मात्र अन्न भेटताच जवळजवळ थबकतो. तिथे सेरोटोनिन लागते. अमेरिकेतल्या होर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने हे २००० साली मांडले. माणसाच्या नैराश्यावर दिले जाणारे फ्लुओक्सेटिन हे औषध भुकेल्या कृमीला दिले, तेव्हा तो आणखीच मंदावला. यावरून कृमीलाही नैराश्य येते, असे कोणी समजू नये. रसायन जुने आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अन्न मुळीच नसेल तर? आधी साधारण पंधरा मिनिटे तो वारंवार वळत तिथल्या तिथे घुटमळतो. मग वळणे कमी होतात आणि स्वारी सरळ लांब निघून जाते.