संपत आलेल्या कराराचा भाव

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते, तेव्हा ज्याच्या खेळात कुणालाच फारसा रस उरलेला नाही असा खेळाडूही सौद्याचा कणा ठरू शकतो. त्याचा पगार मोठा असतो आणि करार त्याच हंगामाअखेर संपणार असतो. त्याला घेणाऱ्या संघाला खरे तर संघाच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेत पुढच्या वर्षी मोकळी होणारी जागा हवी असते.

ही मर्यादा १९८४-८५ मध्ये आली, तेव्हा ती संघामागे ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती १४ कोटींच्या वर गेली. पण ती लवचीक आहे. आपल्याच खेळाडूला ती ओलांडूनही पुन्हा करारबद्ध करता येते, म्हणून बहुतेक संघ मर्यादेच्या वरच असतात. अशा संघाला सौद्यात जेवढा पगार बाहेर जाईल साधारण तेवढाच आत घेता येतो. त्यामुळे तारांकित खेळाडू आणायचा तर त्याच्या तोडीचा पगार देऊ करावा लागतो, आणि तोही समोरच्याला जड होणार नाही असा. संपत आलेला करार ही अट बरोबर पुरी करतो. फेब्रुवारीत सौद्यांची मुदत संपते, तोवर हंगामाचा बराचसा पगार जुन्या संघाने दिलेला असतो. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या मशीनचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये फिटणार असेल, तर मालक एप्रिलपासून नव्या भट्टीचा हिशेब मांडू शकतो. पुनर्बांधणीला निघालेला संघ असाच विचार करतो.

१ फेब्रुवारी २००८ चा पाऊ गासोलचा सौदा याचे ठळक उदाहरण. मेम्फिसने हा स्पॅनिश खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सला दिला. बदल्यात आलेल्यांत क्वामे ब्राऊन होता. त्याचा सुमारे ९० लाख डॉलरचा करार त्याच वर्षी संपत होता. पगाराची बेरीज जुळेना म्हणून लेकर्सने एरन मकी यालाही करारबद्ध करून पाठवले. तो तेव्हा दुसऱ्या एका संघात प्रशिक्षकांना मदत करत होता! लेकर्सने २००९ आणि २०१० ची विजेतेपदे जिंकली. मेम्फिसने गासोल फुकट घालवला अशी ओरड झाली खरी, पण त्याच सौद्यात हक्क मिळालेला त्याचा धाकटा भाऊ मार्क २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

मोकळी जागा मिळाली म्हणजे ती हवी तशी भरेलच असे नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्क निक्सने सुमारे २.३ कोटी डॉलरचा संपत आलेला ट्रेसी मॅकग्रेडीचा करार घेतला, तो उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्सला आणता यावे म्हणून. जेम्स मायामीला गेला.

पुढे या करारांचा भाव उतरला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील २०११ च्या करारानंतर खेळाडूंच्या करारांची कमाल मुदत घटली, त्यामुळे नकोसे लांब करार कमी झाले. २०१६ मध्ये मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९.४ कोटींवर गेली आणि अनेकांकडे आयतीच जागा झाली. २०२३ च्या नियमांनी सर्वाधिक खर्च करणाऱ्या संघांना अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेण्यास मनाई केली.

आयपीएलमध्येही सौदे होतात, पण पगार जुळवण्याची सक्ती नाही. हिशेब पर्समधून, म्हणजे संघाला खेळाडूंवर खर्चायला ठरवून दिलेल्या रकमेतून, वळता होतो. २०१९ मध्ये अजिंक्य रहाणे राजस्थानकडून दिल्लीला गेला, तेव्हा मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया राजस्थानला मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्याला १५ कोटी रुपयांत परत आणण्यासाठी मुंबई इंडियन्सने कॅमेरून ग्रीनला १७.५ कोटींत बेंगळुरूकडे पाठवले. म्हणजे जागा केली ती ऐन उमेदीतल्या खेळाडूला देऊन. मेगा लिलावाआधी सगळ्यांचेच करार एकदम संपतात. मग एखाद्याच्या संपत्या कराराला वेगळी किंमत कशी येणार?

गहुंजेच्या मैदानावर खेळणाऱ्या रायझिंग पुणे सुपरजायंटची गत याहून वेगळी. चेन्नई व राजस्थानवर बंदी असल्याने हा संघच २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांपुरता होता. त्याने २०१७ च्या लिलावात बेन स्टोक्सवर १४.५ कोटी लावले आणि मार्चमध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरला पंजाबकडून घेतले. पुढचे वर्षच नसल्याने काही राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. पुणे अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरले, करार संपले, आणि धोनी व स्टीव्ह स्मिथ यांना राखण्याचा हक्क बंदी संपवून परतलेल्या चेन्नई व राजस्थानला मिळाला.