रील किती फिरली, मुक्कामाला किती आले?

वैभववाडीजवळच्या नापणे धबधब्यावर जुलै २०२५ मध्ये काचेचा पूल खुला झाला आणि त्याच्या रील्स फिरू लागल्या. आता आसपास घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्याने इन्स्टाग्रामवर जाहिरात दिली, तर ती लागू पडली हे कशावरून ओळखायचं?

समजा, १,००० रुपये खर्चून पुलाची रील चालवली. ती १०,००० वेळा दिसली. हे झाले इम्प्रेशन्स. पाहणारी माणसं होती ४,०००; तो रीच. म्हणजे एकेकाला सरासरी अडीच वेळा दिसली. लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह मिळून ८०० प्रतिसाद आले. त्याला रीचने भागलं तर एंगेजमेंट २० टक्के, इम्प्रेशन्सने भागलं तर ८ टक्के. जाहिरात तीच! म्हणून कुणी नुसती टक्केवारी सांगितली, तर भागाकार कशाने केला हे आधी विचारावं.

व्हिडिओचे आकडेही जपून वाचावे लागतात. फेसबुकवर ३ सेकंदांचं पाहणं वेगळं मोजतात आणि १५ सेकंदांचं वेगळं. यूट्यूबवर ‘स्किप’ करता येणाऱ्या जाहिरातीचा व्ह्यू साधारण ३० सेकंदांनंतर धरतात. या आकड्यांची आपसात तुलना करू नये. त्यापेक्षा लोक कुठल्या सेकंदाला निघून जातात तो आलेख पाहावा. खोलीचं भाडं दिसण्याआधीच बहुतेक जण गेले असतील, तर भाडं सुरुवातीलाच दाखवावं.

आता तेवढ्याच खर्चात दुसरी जाहिरात करू: खोली, न्याहारी, भाडं. प्रतिसाद अवघे ९०, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशा २०. पुलाच्या रीलवरून आल्या होत्या ६. एका चौकशीचा खर्च इथे ५० रुपये, तिथे सुमारे १६७. माझ्या मते छोट्या व्यावसायिकाने हाच आकडा धरून चालावं. लाइक देणाऱ्यांत गावचेच लोक पुष्कळ असतात. त्यांना मुक्कामाची खोली कशाला हवी? जाहिरातीचा परिसर निवडताना वैभववाडीभोवती वर्तुळ काढण्यापेक्षा करूळ घाटापलीकडचं कोल्हापूर निवडावं.

शिवाय कोकणातली बरीच बुकिंग फोनवर ठरतात. ती जाहिरातीच्या डॅशबोर्डवर आपोआप उमटत नाहीत. म्हणून फोन आला की ‘आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?’ एवढं विचारावं आणि उत्तर तारखेसह वहीत लिहावं. महिनाअखेरीस जाहिरातीचा खर्च वहीतल्या बुकिंगने भागावा.